आजीच्या ओव्यांच्या तीन सीड्या

गेले दोन महिने रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की मी एकच काम करतेय, जुन्या सीड्या वाचवायचं. तीनच सीड्या आहेत खरं तर, पण त्यांच्यापायी मी इतकं काही वाचलं आणि करून बघितलं की आता हे सगळं लिहून काढल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

आधी सीड्या कसल्या ते सांगते. माझी आजी, आईची आई, मूळची कोकणातली, लग्न होऊन परळच्या चाळीत आली. तिला जात्यावरच्या किती ओव्या पाठ होत्या याचा हिशोब कोणीच ठेवला नाही. २००३ च्या दिवाळीत मामाने कॉम्प्युटरला एक साधा माईक लावला, तिला समोर बसवलं आणि पन्नास मिनिटं ओव्या म्हणवून घेतल्या. समोर जातं नव्हतं, तर ती उजव्या हाताने हवेतच जातं फिरवत म्हणत होती, त्याशिवाय तिला पुढची ओवी आठवेचना. मामाने त्याची फाईल केली, दिवाळीचे फोटो टाकले आणि एकाच कंपायलेशनवरून, म्हणजे फाईलींच्या त्याच यादीवरून, नीरो या सीडी राईट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन सीड्या राईट केल्या, एक स्वतःला, एक आम्हाला माहीमला, एक पुण्याच्या मावशीला. तेव्हा लॅमिंग्टन रोडला कोऱ्या सीड्या सुट्ट्या मिळायच्या, त्यामुळे तिन्ही वेगवेगळ्या कंपनीच्या. २००५ ला २६ जुलैच्या पावसात मामाचं कलिन्याचं तळमजल्यावरचं घर पाण्यात गेलं, कॉम्प्युटर गेला, आणि आजी त्याच्याआधी मार्चमध्ये गेली होती. म्हणजे तिचा आवाज आता फक्त या तीन सीड्यांवर.

आणि वीस वर्षं आम्ही तिघांच्याही घरी "आहे ना आपल्याकडे सीडी" असं म्हणत बसलो.

या मे महिन्यात आई म्हणाली, जरा लाव ना आजीच्या ओव्या, ऐकाव्याशा वाटतायत. आता लॅपटॉपला ड्राईव्ह कुठे असतो, म्हणून बाराशे रुपयांचा एक्सटर्नल ड्राईव्ह आणला, आमची सीडी माळ्यावरून काढली. मामाने तिच्यावर हौसेने छापील कागदी स्टिकर लावलेला. माळ्यावरच्या पावसाळ्यांनी तो कडेने फुगला होता आणि मला वाटलं हा ओला स्टिकर ड्राईव्हमध्ये अडकेल, म्हणून मी तो हलकेच सोलायला घेतला. स्टिकरबरोबर नखाएवढा चंदेरी पापुद्रा निघून आला. सीडी ट्यूबलाईटसमोर धरली तर तिथून आरपार दिसत होतं, आणि बाकी जागीही सुईने टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं, त्यातून प्रकाश येतोय. मी बराच वेळ ती तशीच धरून उभी होते.

इथे माझ्या कामाचा संबंध येतो. मी गोरेगावला चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे, अठरा वर्षं झाली. सीडी ज्या पॉलीकार्बोनेटची असते त्याच्याच लेन्स आम्ही दिवसभर घासतो, कोटिंग करतो, तपासतो. तरी मला ही गोष्ट माहीत नव्हती की सीडीवरची माहिती खालच्या चकचकीत बाजूला नसतेच, ती वर असते, लेबलच्या लगेच खाली. सगळी सीडी १.२ मिलिमीटर जाड, त्यातलं जवळजवळ सगळं पारदर्शक पॉलीकार्बोनेट, त्याच्या वरच्या पृष्ठभागावर माहिती, त्यावर धातूचा आरसा, त्यावर लॅकरचा, म्हणजे वॉर्निशसारखा, एक अगदी पातळ हात आणि मग छपाई. लेसर खालून येतो, सगळं प्लास्टिक पार करून वरच्या थरापर्यंत जातो आणि आरशावरून परततो. आपण आयुष्यभर खालची बाजू तळहातावर फुलासारखी जपली आणि वरच्या बाजूला बॉलपेनने नावं लिहिली, स्टिकर चिकटवले. खरं तर खालचा ओरखडा एक वेळ पॉलिश करून काढता येतो कारण तो फक्त प्लास्टिकवर असतो, वरचा ओरखडा गेला तो माहिती घेऊनच.

खालच्या ओरखड्याला सीडी एवढी दाद का देत नाही हे समजलं तेव्हा मात्र हात जोडावेसे वाटले. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्सने सीडी बाजारात आणली तेव्हाच त्यात रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली चूक दुरुस्तीची पद्धत घातलेली होती. माहिती एका जागी सलग लिहायची नाही, तिचे तुकडे लांब लांब विखरायचे आणि सोबत थोडी जादा माहिती ठेवायची, म्हणजे एखादा तुकडा गेला तरी बाकीच्यांवरून तो पुन्हा मांडता येतो. ट्रॅकच्या, म्हणजे सीडीवर गोल गोल फिरत जाणाऱ्या माहितीच्या रेघेच्या, दिशेने साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा भाग सलग गेला तरी सीडी तो संपूर्ण भरून काढते. म्हणूनच सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल कधीच नाही. आडवा ओरखडा प्रत्येक ट्रॅकला एका बिंदूत कापतो, गोल ओरखडा एकाच ट्रॅकबरोबर लांबवर चालत जातो आणि मग दुरुस्तीची ताकद संपते. हे मला कोणीतरी २००३ मध्ये सांगायला हवं होतं, मी तर चष्मा पुसल्यासारखी गोल गोलच पुसायचे.

मामाची सीडी म्हणजे वेगळंच प्रकरण. ती हॉलमधल्या शोकेसमध्ये, खिडकीसमोर, आजीच्या फोटोला टेकवून ठेवलेली. प्रेमानेच ठेवलेली. खालून निळसर हिरव्या असायच्या अशा सीड्या, आता ती जवळजवळ पांढुरकी दिसते आणि ड्राईव्ह म्हणतो डिस्क कोरी आहे. कारण घरी राईट करायच्या सीडीत कारखान्यातल्यासारखे छापलेले खड्डे नसतात, त्यात रंगाचा एक थर असतो, ऑर्गॅनिक डाय, आणि लेसर त्याला जागोजागी भाजून खुणा करतो. निळसर हिरवा दिसतो तो सायनिन, फिकट सोनेरी दिसतो तो थॅलोसायनिन, गडद निळा तो अझो. यातला सायनिन उन्हाला सगळ्यात कच्चा. आपण रंगीत साडी गच्चीवर वाळत घालताना उलटी करून घालतो ना, तेवढी साधी गोष्ट आहे ही, रंग उन्हाने उडतो, फक्त इथे तो रंग म्हणजेच आजीचा आवाज होता. मामाला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "अगं, फोटोजवळ असावी म्हणून ठेवली होती मी." काय बोलणार, मीही गप्प.

आरशाचंही तसंच. कारखान्यात छापून येणाऱ्या सीडीत तो ॲल्युमिनियमचा, राईट करायच्या सीडीत बहुतेक वेळा चांदीचा, कारण चांदी जास्त चमकते आणि डायबरोबर तिचं जमतं. आता देवघरातली चांदीची भांडी का काळी पडतात हे आपल्या घरात कोणाला सांगावं लागत नाही, हवेतलं गंधक. लॅकरला एक बारीक चीर गेली, कडेला सील नीट नसलं की चांदी आतून डागाळायला लागते आणि आरसा मरतो. सोन्याच्या आरशाच्या सीड्या निघाल्या होत्या त्या याच कारणासाठी, सोनं गंधकाला भीक घालत नाही. पण महाग, आणि सुट्ट्या विकणाऱ्या दुकानात कोण ठेवणार.

मुंबईच्या हवेचं तर बोलायलाच नको. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी कशा सांभाळाव्यात याची पुस्तिका काढली होती, त्यात वर्षानुवर्षं ठेवायच्या डिस्कसाठी तापमान ४ ते २० अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के सांगितलीये. माहीममध्ये २० अंश म्हणजे जानेवारीतली एखादी पहाट. जुलैत आर्द्रता ८० च्या खाली येत नाही, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते, मीठ पाण्यासारखं होतं, आणि पॉलीकार्बोनेट थोडंथोडं पाणी पितं हे मी रोज लॅबमध्ये बघते, कोटिंगच्या आधी लेन्स ओव्हनमध्ये वाळवाव्या लागतात. बेलीझ या उष्ण दमट देशातल्या एका सीडीवर तर २००१ मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञांना चक्क बुरशी सापडली, जी कडेने आत शिरून प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम दोन्ही खात होती. म्हणजे ही डिस्क ज्यांनी डिझाईन केली त्यांच्या डोळ्यासमोर कोरडी थंड खोली होती, आमचा माळा नव्हता. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

कारण पुढची सगळी वर्षं डिस्कच्या डिझाईनमध्ये सुधारणा झाली ती कशासाठी, तर जास्त माहिती मावावी यासाठी. आणि ती सुधारणा खरंच फार सुंदर आहे, मी लेन्सवाली असल्यामुळे मला तर त्यात जीव रमला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लेसरचा ठिपका किती बारीक होऊ शकतो हे दोनच गोष्टींवर ठरतं, प्रकाशाची तरंगलांबी आणि लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते तो आकडा, ज्याला न्युमरिकल अपर्चर म्हणतात. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा आणि लेन्स ०.४५ ची. १९९६ ला डीव्हीडी आली तिचा ६५० आणि ०.६. २००६ ला दुकानांत आलेली ब्लू-रे ४०५ आणि ०.८५. ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रॉनवरून ०.७४ वर आणि तिथून ०.३२ वर आलं, आणि तेवढ्याच बारा सेंटिमीटरच्या चकतीवर ६५० एमबीचे ४.७ जीबी आणि मग एका थरात २५ जीबी झाले. यातला ब्लू-रेचा जांभळा लेसर शक्य झाला तो गॅलियम नायट्राईडवर अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामामुळे. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या तिघांना मिळालं.

पण गंमतीचा भाग वेगळाच आहे. लेन्सचा कोन वाढवला की एक दुखणं मागे लागतं. डिस्क जराशी वाकली किंवा तिरकी फिरली की प्रकाश प्लास्टिकमधून तिरपा जातो आणि ठिपक्याला धूमकेतूसारखं शेपूट फुटतं. आमच्या भाषेत यालाच कोमा म्हणतात, चष्म्याच्या काचेत कडेला आम्हीही त्याच्याशी झगडतो. हा दोष अपर्चरच्या घनाच्या पटीत वाढतो, तरंगलांबी कमी केली की आणखी वाढतो, आणि प्लास्टिकची जाडी कमी केली की त्याच प्रमाणात कमी होतो. मी एका रात्री वहीत गणित मांडलं. सीडीवरून ब्लू-रेवर जाताना अपर्चर आणि तरंगलांबीमुळे दोष जवळजवळ तेरा पट वाढतो. आणि त्यांनी काय केलं, तर लेसरला पार करावं लागणारं प्लास्टिक १.२ मिलिमीटरवरून ०.१ मिलिमीटर केलं, म्हणजे बारावा हिस्सा. तेरा पट वाढलं, बारा पट कमी केलं, हिशोब जवळपास जागच्या जागी. इतका नेमका तोल बघून मी वही मिटून नुसती बसून राहिले.

ब्लू-रेच्या स्पर्धेत उतरलेल्या एचडी डीव्हीडीवाल्यांनी मात्र ०.६ मिलिमीटरच ठेवलं, जुन्या कारखान्यांत बनवता यावी म्हणून. त्यामुळे एका थरात १५ जीबीवर थांबावं लागलं आणि २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने तो नाद सोडला.

अर्थात ०.१ मिलिमीटर म्हणजे माहिती खालच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ आली, जरा ओरखडा पडला की कामाला गेली. सुरुवातीच्या ब्लू-रे म्हणूनच प्लास्टिकच्या डबीत बंद असायच्या. मग टीडीके या जपानी कंपनीने एक कडक हार्ड कोट शोधला आणि ती डबी गेली. पॉलीकार्बोनेटची लेन्स हार्ड कोटशिवाय आमच्याकडे बाहेर पडत नाही, रुमालाने पुसली तरी चरे जातात, त्यामुळे हे वाचून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आणि ब्लू-रेमध्ये लेबलच्या बाजूला आता १.१ मिलिमीटरचं भरभक्कम प्लास्टिक आहे, म्हणजे स्टिकर सोलला तरी आरसा निघून येणार नाही. डीव्हीडीमध्येही माहिती ०.६ च्या दोन चकत्यांच्या मध्ये सँडविचसारखी आहे. आमच्या सीडीवर जे झालं ते डीव्हीडीवर त्या पद्धतीने झालंच नसतं. डीव्हीडीला दुसरी भीती, दोन चकत्यांमधला डिंक कडेने सुटणं.

आता मला जे टोचतं ते. वहीत मी अजून एक हिशोब केला. सीडीवरून डीव्हीडीवर जाताना लेसरच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ साधारण अडीच पटच कमी झालं, पण माहिती सात पट वाढली. उरलेलं कुठून आलं? काही चांगल्या कोडिंगमधून, काही जास्त हुशार चूक दुरुस्तीतून, हे खरं. पण बरंचसं सीडीमध्ये जी ऐसपैस मोकळीक ठेवलेली होती ती आवळून. खुणा आणखी जवळ, ट्रॅक आणखी खेटून. सीडी बनवणाऱ्यांनी चुकांसाठी जागा सोडली होती, आणि नंतरच्या प्रत्येक पिढीने ती जागा पिक्चरच्या आणखी काही मिनिटांसाठी वापरली. मला त्या मिनिटांबद्दल तक्रार नाही, नोएडाच्या मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी विकायला काढल्या तेव्हा आमच्या घरी मराठी सिनेमांची थप्पी लागली होती, आणि ती कंपनी २०१८ ला बुडीत निघाली तेव्हा वाईटही वाटलं. पण घरी राईट करायची डिस्क ही मुळात वेगळी वस्तू आहे. पिक्चर पुन्हा विकत मिळतो. लग्नाची कॅसेट, बाळाचं पहिलं चालणं, आजीचा आवाज हे दुकानात मिळत नाही. त्या डिस्कसाठी डिझाईन वेगळं हवं होतं.

दवाखान्यांचं तेच. बाबांची २०११ ची अँजिओग्राफी एका हॉस्पिटलने सीडीवर दिली होती, पातळ कागदी पाकिटात, वर बॉलपेनने नाव आणि केस नंबर खोलवर रेटून लिहिलेला. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुलना करायला जुनी मागितली तर उघडलीच नाही, आणि हॉस्पिटलकडेही रेकॉर्ड नाही. नाव लिहिलं त्याच रेषेत आरसा दबलेला दिसत होता, अक्षरं खालच्या बाजूने उलटी वाचता येत होती.

मग कशी हवी डिस्क? मला जे वाटतं ते सांगते, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी आधीच कुठे ना कुठे करून झाल्यात, फक्त एकत्र आणि आपल्या हातात स्वस्तात नाहीत.

पहिलं म्हणजे तो रंग काढून टाका. लिहायचा थर खनिजाचा हवा, डायचा नाही. एम-डिस्क नावाची अमेरिकेतली डिस्क याच कल्पनेवर निघाली, दगडासारखा थर, लेसर त्यात कायमचं भोक पाडतो. अमेरिकन नौदलाच्या चायना लेक इथल्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये ती आणि बाकीच्या टिकाऊ म्हणवणाऱ्या डीव्हीडी ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता आणि प्रखर उजेडात ठेवल्या होत्या, बाकीच्या गेल्या, ही राहिली. कंपनी हजार वर्षांचं बोलायची, ते कोण तपासणार, पण ८५ टक्के आर्द्रता हा आकडा माहीमच्या माणसाला लगेच समजतो. आणि हे फार लोकांना माहीत नसतं की साध्या राईट करायच्या ब्लू-रेमध्येसुद्धा दोन जाती आहेत. एचटीएल म्हणतात त्यात खनिज थर असतो, टीडीकेने तर तांबं आणि सिलिकॉनचे दोन पातळ थर एकमेकांवर ठेवले, लेसर पडला की ते तिथे एकजीव होतात. एलटीएच म्हणतात त्यात पुन्हा तोच ऑर्गॅनिक डाय, कारण जुन्या सीडीच्या कारखान्यात बनवता येतो. विकत घेताना पाकिटावर एलटीएच लिहिलेलं नाही ना ते बघून घ्या, कळकळीने सांगते.

दुसरं, कड. सगळं मरण कडेने येतं. मावशीची सीडी पुण्याच्या कोरड्या हवेत, स्टीलच्या कपाटात, साड्यांच्या घडीत, कडक डबीत होती, फिकट सोनेरी डायची, तिन्हींत सगळ्यात चांगली. ती आतून सुरू होऊन जवळजवळ शेवटपर्यंत वाचली, आणि अगदी बाहेरच्या कडेला अडखळली. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि ही काठोकाठ भरलेली, आधी फोटो, शेवटी ओव्यांची फाईल. चष्म्याच्या लेन्सला आम्ही कडेपर्यंत कोटिंग नेतो, नाहीतर तिथूनच पापुद्रा सुटतो. डिस्कची कडही तशीच नीट बंद करायला हवी, आणि बाहेरचे काही मिलिमीटर मुद्दाम रिकामे सोडायला हवेत. निदान हे दुसरं तर आपण आजही करू शकतो, डिस्क पूर्ण भरायचीच नाही.

तिसरं माझ्या सगळ्यात जवळचं. जागा मिळालीये ना, मग ती टिकण्यासाठी खर्च करा. आजीची फाईल २६५ एमबीच्या आत आहे. २५ जीबीच्या डिस्कवर ती नव्वद वेळा मावते. डिस्कने स्वतःहून विचारायला हवं की तुला भरपूर ठेवायचंय की थोडंसंच पण खूप वर्षं, आणि दुसरं उत्तर आलं तर तीच माहिती आत, मध्ये, बाहेर, वरच्या थरात, खालच्या थरात अशी पसरून ठेवायला हवी, वर जादा दुरुस्तीची माहिती. डेटा सीडीत अशी एक जादा पातळी होतीच, प्रत्येक सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या एका ठराविक तुकड्याच्या, २३५२ बाइटपैकी आपल्याला २०४८ मिळायचे आणि बाकीचे बहुतेक दुरुस्तीसाठी. पण ते प्रमाण सगळ्यांना सारखंच, आजीच्या आवाजालाही आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरलाही. डीव्हीडिझास्टर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते डिस्कच्या मोकळ्या जागेत जादा दुरुस्ती भरून देतं, मी आता तेच वापरते. पण हे सॉफ्टवेअर शोधणाऱ्याचं नशीब झालं, डिस्कच्या स्टँडर्डमध्येच हे बसवलेलं हवं.

आणि डिस्कने आजारी पडल्यावर सांगायला हवं, मेल्यावर नाही. ड्राईव्हला आतल्या आत कळत असतं की आज किती चुका दुरुस्त कराव्या लागल्या, मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट झाल्यात की नाही, पण बहुतेक ड्राईव्ह ते आपल्याला दाखवत नाहीत. दुरुस्ती जमतेय तोवर सगळं छान, एक दिवस जमत नाही आणि एकदम फाईल उघडत नाही. बीपीच्या मशीनसारखा एक आकडा दाखवायचा, बस. तो आकडा दहा वर्षांपूर्वी दिसला असता तर मामाने तेव्हाच नवी कॉपी केली असती.

काचेत माहिती साठवण्याबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, आता कुठे कोणीतरी मुक्कामाचं बोलतंय. साऊदॅम्प्टन विद्यापीठात पीटर कझान्स्की यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की फेम्टोसेकंद लेसरने, म्हणजे सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागापुरत्या चमकणाऱ्या लेसरने, क्वार्ट्झच्या काचेच्या आतच बारीक खुणा करता येतात. प्रत्येक खुणेची जागा तर झालीच, वर तिची दिशा आणि प्रकाशाला वळवायची ताकद हीसुद्धा माहिती धरते, म्हणून त्याला पाच मितींची डिस्क म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ७५ मिलिमीटरच्या चौकोनी काचेत १९७८ चा सुपरमॅन सिनेमा अख्खा साठवून दाखवला. काच पाणी पीत नाही, डाय नाही, आरसा नाही, डिंक नाही, सोलायला काही नाहीच. मला त्यात अजून एक आवडलं, ती वाचायला लागतो तो मायक्रोस्कोप आणि कॅमेरा. म्हणजे उद्या ड्राईव्ह बनवणारे सगळे कारखाने बंद झाले तरी कॅमेरा आणि मायक्रोस्कोप तर जगात राहतील. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत राईट करायच्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं, तेव्हा ही काळजी काही दूरची नाही.

२०२४ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी शंभर थरांची एक डिस्क दाखवली, १.६ पेटाबिट, म्हणजे साधारण २०० टीबी. एक किरण लिहितो आणि मेदुवड्यासारखा मध्ये भोक असलेला दुसरा किरण त्याच्या कडा दाबून धरतो, त्यामुळे खूण ५४ नॅनोमीटरपर्यंत बारीक होते. त्याच जातीच्या कल्पनेवर मायक्रोस्कोपसाठी श्टेफान हेल यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, तेही नेमकं २०१४ लाच. फार मोठं काम आहे. पण मी तो लेख वाचताना आधी शोधत होते ते हे की दमट हवेत ती किती वर्षं राहील, आणि बातम्यांचे मथळे सगळे किती मावतं याचेच होते.

असो. आता काय झालं ते सांगते. डीडीरेस्क्यू म्हणून एक प्रोग्रॅम आहे, तो खराब डिस्क सेक्टर सेक्टर करून वाचतो, कुठलं मिळालं कुठलं नाही याचा नकाशा ठेवतो, आणि तोच नकाशा घेऊन तुम्ही दुसऱ्या ड्राईव्हवर, दुसऱ्या दिवशी पुढे चालू करू शकता. तिन्ही सीड्या एकाच कंपायलेशनच्या असल्यामुळे एकीवर न मिळालेलं दुसरीवरून भरता येतं. मावशीची सीडी मी पुण्याला जाऊन स्वतः घेऊन आले, कुरिअरवर विश्वास नव्हता. आधी माझ्या नव्या ड्राईव्हवर, मग शेजारच्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर, मग लॅबमधल्या पडीक लॅपटॉपवर. प्रत्येक ड्राईव्हची नजर वेगळी असते, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. मग आमची भोकं पडलेली. तिने बाहेरच्या कडेचा बराच भाग दिला, कारण स्टिकरने आरसा ओढला तो मधल्या भागातला. रोज रात्री न मिळालेल्या सेक्टरचा आकडा थोडा थोडा कमी व्हायचा, ४१००, १९००, ६४०, आणि शेवटी २१२ वर येऊन थांबला तो थांबलाच. मामाची सीडी मी चौदा वेळा लावली, प्रत्येक वेळी कोरी.

२१२ सेक्टर म्हणजे त्या फाईलमध्ये जवळपास पाच सेकंद. आईला हेडफोन लावून दिला. पन्नास मिनिटं ती हलली नाही, मध्ये एकदा फक्त उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला होता, तिला कळतही नव्हतं. शेवटून दुसऱ्या ओवीत आवाज तुटतो, पाच सेकंद काहीच नाही, आणि मग आजी ओवीचा शेवटचा शब्द म्हणते.

मावशीला फोन लावला, तुटायच्या आधीचं आणि नंतरचं ऐकवलं. ती म्हणाली, थांब. दोन मिनिटं नुसती गुणगुणत राहिली आणि मग सरळ म्हणून मोकळी झाली, भावाला माहेरच्या वाटेवरचं आंब्याचं झाड विचारणारी ओवी होती. मी ते रेकॉर्ड केलं. आजीच्या फाईलमध्ये ते चिकटवलं नाही, शेजारी वेगळी फाईल करून ठेवलं.

काल रात्री तीन एचटीएल ब्लू-रे राईट केल्या, प्रत्येकीत फाईल सहा जागी, बाकी जागेत जादा दुरुस्ती, बाहेरची कड रिकामी. लेबल काही नाही, मधल्या पारदर्शक गोलावर फक्त तारीख, मऊ मार्करने. एक कडक डबीत सिलिका जेलच्या पुडीसह आमच्या कपाटात, एक मावशीला रविवारी नेऊन देणार. तिसरी मामाची, त्याला मी सांगितलंय की शोकेसमध्ये नाही, कपाटात ठेवायची, आणि आजीच्या फोटोशेजारी ठेवायला मी त्याला दुसरं काहीतरी देते.